पांढरी बाटली, बंद गाडी

दुकानात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. चार मजली दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, पुरुषांच्या परफ्यूमचा काचेचा काउंटर होता. त्याच्यामागे ती उभी राहायची. गिऱ्हाईक आलं की शाळा भरलीच म्हणून समजा.

काउंटर एकाच कंपनीचा. कंपनी जुनी, नावाजलेली. बायकांसाठी तिची डझनभर परफ्यूम होती, पुरुषांसाठी मात्र चारच. चारही बाटल्या एकाच साच्यातल्या, खांदे उतरते, टोपण चौकोनी. फरक काय तो रंगाचा. कंपनीने त्यांना लांबलचक, जीभ अडखळेल अशी नावं दिली होती. ती दुकानात कोणी घेत नसे. काळी, निळी, हिरवी आणि पांढरी, बस्स.

येणारा प्रत्येक पुरुष बाटल्यांकडे बघून एकच प्रश्न विचारायचा, की यांच्यात फरक काय. या प्रश्नासाठी बाईंचा जीव आसुसलेला असे. एका घरातले चार भाऊ आहेत असं समजा, ती सुरू करायची. चेहरेपट्टी एक, स्वभाव चार. काळी म्हणजे थोरला. चामडं, धूर, थोडी दालचिनी. खोलीत आधी हा शिरतो, मागून तुम्ही. एकच फवारा मारायचा, तोही संध्याकाळी. निळी म्हणजे दुसरा, नोकरदार. लिंबाची साल आणि खारं वारं. साहेबासमोर चालेल, पण कोणाच्या लक्षात राहणार नाही. हिरवी म्हणजे तिसरा, वाया गेलेला. कापलेलं गवत आणि पुदिना. कॉलेजातल्या पोरांना ठीक आहे. चाळिशीच्या माणसाने मारली तर पोराची बाटली चोरून आलाय असं वाटतं. आणि पांढरी म्हणजे शेंडेफळ. धुऊन इस्त्री केलेल्या शर्टासारखी. सभ्य, हलकी, कोणाला त्रास नाही. खोट एकच, टिकत नाही. अर्ध्या तासात उडून जाते. तेव्हा पांढरी घेतलीत तर हात आखडू नका, सात-आठ फवारे मारले तरी चालतील.

हे सगळं ती अशा ठामपणे सांगायची की समोरचा माणूस नकळत सरळ उभा राहायचा. पहिल्या वासावर निर्णय घ्यायला तिची सक्त मनाई होती. दोन मनगटांवर दोन आणि दोन कोपरांच्या खळग्यांत दोन अशी चारही परफ्यूम लावून ती माणसाला दुकानात फिरायला पिटाळायची. वरच्या मजल्यावर भांडी बघा, चादरी बघा, अर्ध्या तासाने या. सुरुवातीचा वास तोंडदेखला असतो, खरा स्वभाव मागाहून कळतो, असं तिचं म्हणणं. माणूस परत आला की ती स्वतः त्याचा हात नाकाशी धरायची. काळी ठाण मांडून बसलेली असे, निळी विझत आलेली, हिरवी जराशी आंबलेली, आणि पांढरी गायब. बघा, गेली की नाही, ती म्हणायची.

एखादा म्हणायचा, नाही हो, मला येतोय अजून. त्यावर ती समजूतदारपणे हसून सांगायची, की तो तुमच्या नाकात बसलाय, हातावर काही उरलेलं नाही. मग त्या बापड्याला स्वतःच्याच नाकाबद्दल शंका यायला लागे. असा बाईंचा दरारा. पांढरी खपायची मात्र सगळ्यांत जास्त. आठ-आठ फवारे मारल्यावर बाटली लवकर संपायची आणि माणूस लवकर परत यायचा. कंपनीने त्याबद्दल तिला लागोपाठ दोन वर्षं काचेचं सन्मानचिन्ह दिलं होतं, आणि ती दोन्ही घरी टीव्हीच्या दोन बाजूंना उभी होती.

तिचा नवरा गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेत नोकरीला होता. खरा मास्तर तोच. पण त्याला पाहून ते कोणाला सुचलं नसतं. हळू बोलणारा, कमी बोलणारा. बरीच वर्षं त्याने ट्रक शिकवले. उघडं मैदान, उघड्या खिडक्या, धुरळा आणि धुरळ्याहून मोठ्या आवाजात बोलणारी माणसं. त्याला हवी होती ती शाळेची छोटी गाडी, जिच्यात नवशिके बसतात. गिअरला हात लावायलाही भिणारे, स्टेअरिंग बुडत्या माणसासारखं घट्ट धरून ठेवणारे. घाबरलेल्या माणसाची भीती घालवण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही, असं तो म्हणायचा, आणि तो उगाच काही म्हणणाऱ्यांतला नव्हता. शेवटी गेल्या वर्षी मालकाने ती गाडी त्याच्या हाती दिली. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याला चेहऱ्यावरचा आनंद लपवता येत नव्हता.

रोज सकाळी तो निघाला की बाई दारात पांढरी बाटली घेऊन उभी. पांढरी तिनेच त्याच्यासाठी निवडली होती, लग्नानंतर लवकरच. शांत माणसाला शांत वास. तो डोळे मिटून, हनुवटी वर करून उभा राहायचा, आणि ती मानेच्या दोन्ही बाजूंना, छातीवर, पाठीवर, मनगटांवर सढळ हाताने फवारे मारायची. जिना उतरेपर्यंत उडून जाईल, असं वर म्हणायची. मग त्याची कॉलर नीट करायची. दिवसभरात त्या दोघांना एकमेकांसाठी एवढाच काय तो निवांत वेळ मिळायचा, आणि तो दोघांनाही आवडायचा.

थंडी पडली, गाडीच्या काचा वर गेल्या आणि विद्यार्थी गळायला लागले.

कोणी भांडलं नाही, कोणी तक्रार केली नाही. एकाला वेळ जमेनाशी झाली. एकीला एकदम आईकडे जावं लागलं. आणखी एकाने तोंड फिरवून सांगितलं, की मला जरा कडक शिकवणारे सर हवेत. गंमत म्हणजे यातले बरेचसे दुसऱ्या मास्तराच्या गाडीत जाऊन बसले, जो दर वळणावर खेकसायचा. खेकसून घेणं परवडलं, पण याच्या शेजारी बसणं नको, असं झालं हे. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने चहा मागवून सांगितलं, की अजून एक जरी विद्यार्थी गेला तर छोटी गाडी मला दुसऱ्याला द्यावी लागेल. ऑफिसात टेबल आहे, फोन घ्या, वेळा ठरवा, भिंतीवरच्या तक्त्यावरची चिन्हं शिकवा.

हे सगळं नवऱ्याने बायकोला सांगितलं ते ताटं पुसताना, तिच्याकडे न बघता. "माझं शिकवणं बिघडलंय बहुतेक," तो म्हणाला. "तासाच्या मध्यावर आलं की माणसं कासावीस होतात. मी काही बोलत नाही, तरी होतात."

बाईंना असल्या बाबतीत विचार करायला वेळ लागत नसे. शिकवणं कसलं बिघडतंय, ती म्हणाली, तुमची छाप पडत नाही एवढंच. पांढरी पडली बिचारी गरीब गाय. शेजारी कोणी भारदस्त माणूस बसलाय, असं शिकणाऱ्याला वाटायला हवं ना. चारही बाटल्या घरात होत्या, काउंटरवरचे वास दाखवायचे टेस्टर नवे आले की अर्धेमुर्धे जुने तिला मिळायचे. तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं: चार दिवस, चार बाटल्या, आणि रोज संध्याकाळी कोण किती वेळ बसलं, काय बोललं, ते नवऱ्याने सांगायचं. ज्या दिवशी माणसं खूश ती बाटली कायमची. नवरा बरं म्हणाला. परफ्यूमच्या बाबतीत त्याने आजवर दुसरा कुठला शब्द उच्चारलाच नव्हता.

पहिल्या दिवशी काळी, नियमाप्रमाणे एकच फवारा. बँकेतली एक मुलगी नेहमी तास अर्धा टाकून पळायची, ती पूर्ण वेळ बसली. फक्त उतरताना विचारलं, की सर, आज काही कार्यक्रम आहे का. दुसऱ्या दिवशी निळी, दोन फवारे. कोणी काही म्हणालं नाही आणि कोणी लवकर उतरलंही नाही. नवरा गुणगुणत घरी आला. नोकरदार भाऊ उपयोगी पडला म्हणून बाईंनी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी हिरवी. ती लावून घेताना नवऱ्याला लाज वाटली, आणि लावताना बाईंना हसू आलं. पण त्या दिवशी नर्सबाई आल्या होत्या. निवृत्त झालेल्या, केस पांढरे, अख्खं आयुष्य इतरांच्या दंडांत सुया टोचण्यात गेलेलं, आणि स्टेअरिंगवर हात ठेवला की तेच हात थरथरायचे. नेहमी त्या खिडकी खाली करून, तोंड बाहेर काढून बसायच्या. त्या दिवशी थंडी वाजते म्हणून त्यांनी आपणहून काच वर घेतली, पहिल्यांदाच गाडी मागे घेतली, एकही खांब न पाडता, आणि उतरताना म्हणाल्या की आज बरं वाटलं. नवऱ्याने हे तीन वेळा सांगितलं. वाया गेलेला भाऊ पहिला येणार की काय, याची बाईंना जराशी काळजीच वाटली.

चौथा दिवस पांढरीचा. तुलना करायची तर पांढरीवर अन्याय व्हायला नको, ही अशी उडून जाणारी, म्हणून बाईंनी त्या दिवशी नेहमीपेक्षाही चार फवारे जास्त मारले. नर्सबाईंची वेळ पुन्हा त्याच दिवशी होती. पुलापर्यंत गाडी कशीबशी गेली. तिथे त्या म्हणाल्या, थांबवा. दार उघडून उतरल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि नंतर चालतच परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, की उद्या येऊन मालकांशी बोलते.

नवरा त्या रात्री जेवला नाही. त्याच्या मते त्याने त्यांना दोनदा आरशात बघायला सांगितलं होतं आणि दुसऱ्यांदा त्याचा सूर कदाचित चढला असेल. तो सूर तो बसल्या बसल्या आठवून बघत होता. बाईंना त्याच्याकडे बघवेना. आणि तिला राग आला तो अर्थात नर्सबाईंचा.

सकाळी दुकानात जाण्याआधी ती शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. नर्सबाई पर्स काखेत धरून येताना दिसल्या तशी तिने त्यांना गाठलं, मी सरांची बायको अशी ओळख सांगितली, आणि आमच्या माणसाचं काय चुकलं ते मला सांगा, म्हणाली. खडसवायची पूर्ण तयारी होती.

"त्यांचं काही चुकलं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "फार छान शिकवतात. इतक्या शांतपणे मला आजवर कोणी काही शिकवलं नाही. पण त्या गाडीत बसलं की डोकं गरगरतं हो. मी वॉर्डात आयुष्य काढलंय, काय काय वास घेतलेत ते तुम्हाला सांगत नाही. असं कधी झालं नव्हतं. परवा गवतासारखा काहीतरी वास होता, तर बसले की मी तासभर. काल परत तेच. त्यांना घरी कोणी सांगत नाही का?"

बाई ताठ झाली. तिने सांगितलं, की काल होता तो त्या कंपनीचा सगळ्यांत हलका वास आहे, अर्ध्या तासात उडतो, मी स्वतः विकते, मला माहीत आहे.

नर्सबाईंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "उडतो? अहो, तुमच्या हाताला येतोय. इथे उभी राहून मला येतोय."

बाईंनी तळहात नाकाशी नेला. काल सकाळी याच हाताने फवारे मारले होते, याच हाताने कॉलर सारखी केली होती, आणि याच हाताने आज सकाळी कालचा शर्ट धुवायला टाकला होता. तिने श्वास घेतला. काही नव्हतं. पुन्हा घेतला, डोळे मिटून, काउंटरवर घ्यायची तसा. हाताला हाताचा वास येत होता.

तिने हात खाली घेतला. मग ती एवढंच म्हणाली, की सिस्टर, मालकांशी आज बोलू नका, उद्या एकदा बसून बघा, वास असणार नाही. नर्सबाई भल्या होत्या. बरं म्हणाल्या.

दुकानात शेजारच्या काउंटरवर लिपस्टिकवाली होती, हिची जुनी मैत्रीण. बाईंनी तिला कागदाच्या चार पट्ट्या दिल्या. दोन पट्ट्यांवर पांढरी मार, दोन कोऱ्या ठेव, आणि दुपारी माझ्यासमोर आण, कुठल्या कुठल्या ते सांगू नकोस. दुपारी लिपस्टिकवालीने पट्ट्या आणल्या. चारही पट्ट्या बाईंनी एकेक करून नाकाखालून नेल्या, मग उलट क्रमाने नेल्या, मध्ये जाऊन मोकळ्या हवेत उभी राहून आली आणि परत नेल्या. चार कोरे कागद. यात काळी-निळीचा थेंबभर फरक असता तर तिने झोपेत सांगितला असता.

"ही आणि ही," लिपस्टिकवाली काउंटरपलीकडूनच बोट दाखवून म्हणाली. "मला इथून येतायत. तुला खरंच नाही येत?"

दारावरच्या रखवालदाराला बोलावलं. त्यानेही लांबूनच त्याच दोन दाखवल्या आणि वर म्हणाला, बाई, हा तुमच्या साहेबांचा वास ना, ते तुम्हाला न्यायला येतात तेव्हा ते गेल्यावरही दारात थांबतो हा. बाईंनी त्याला जायला सांगितलं. मग तिने कंपनीच्या प्रशिक्षकाला फोन लावला, एक गिऱ्हाईक विचारतंय अशी थाप मारून. तो मजेत होता. त्याने सांगितलं, की पांढरीत कस्तुरीसारखा एक घटक आहे, कपड्याला दोन-दोन दिवस सोडत नाही, चारांमधली सगळ्यांत चिवट तीच. पण काही नाकांना तो घटक कळतच नाही. सुरुवातीचा साबणाचा आणि लिंबाचा वास सगळ्यांना येतो, तो उडाला की अशा माणसांना वाटतं संपलं. त्यांना स्वतःहून कधी कळत नाही, तो म्हणाला. गिऱ्हाईकाला दुसरी घ्यायला सांगा.

फोन ठेवल्यावर बाईंना आधी राग आला. इतकी वर्षं कोणी बोलू नये? मग एकेक चेहरा आठवायला लागला. बोलले होते की. हात पुढे करून म्हणाले होते, अहो, मला येतोय अजून. त्या प्रत्येकाला तिने हसून गप्प केलं होतं, आणि आठ फवारे मारायला लावून घरी पाठवलं होतं. ऑफिसांत, बसमध्ये, लिफ्टमध्ये. तिचे कान शरमेने तापले. तेवढ्यात एक तरुण आला आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. तिने थोरला सांगितला, दुसरा सांगितला, तिसरा सांगितला, आणि पांढरीवर येऊन म्हणाली की तिचा टेस्टर संपलाय. टेस्टर तिच्या गुडघ्याजवळच्या खणात भरलेला होता.

घरी काही बोलायचं नाही असं तिने बसमध्येच ठरवलं. बोलायची गरजच काय? सकाळी दारात ती रिकाम्या हाताने उभी राहिली आणि बाटली संपली म्हणाली. नवरा हनुवटी वर करून डोळे मिटून उभा होता, ते त्याने उघडले. कॉलर तिने तशीही नीट केली. तो गेला. काम फत्ते, तिने मनाशी म्हटलं. आता विद्यार्थी बसतील, गाडी राहील, आणि आपलं नाकही राहील.

संध्याकाळी तो आला. नर्सबाई पूर्ण तास बसल्या का, तिने विचारलं. बसल्या, तो म्हणाला, मालकांकडेही गेल्या नाहीत. आणि बूट काढून तो तसाच पायरीवर बसून राहिला. एखाद्या दिवशी जमतं, त्यात काही अर्थ नाही, तो म्हणाला. त्याने ठरवलं होतं. सोमवारी मालकाकडे जाऊन तेच टेबल मागून घेणार होता. उठवलं जाण्यापेक्षा आपण उठलेलं बरं.

"माणसं माझ्याजवळ बसली की त्यांना बरं वाटेनासं होतं," तो म्हणाला. "भीती घालवायची सोडून मीच ती वाढवतोय. असल्या माणसाने गाडीत बसू नये."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वास गेला होता, विद्यार्थिनी बसली होती, मालक गप्प होता, आणि तरी गाडी हातची जात होती. कारण जे बिघडलं ते त्याच्या मनात बिघडलं होतं, आणि ते दुरुस्त करायला एकच वाक्य पुरे होतं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच चिकटलं. पुरुषांच्या परफ्यूमबद्दल हा माणूस जगात एकाच व्यक्तीचं ऐकत आला होता.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "गाडी मोकळी असेल ना? मला शिकवा."

तो बघतच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता. दारात बस मिळते, मला काय करायचंय, हे तिचं ठरलेलं उत्तर होतं.

रविवारी सकाळी दुकानामागचं पार्किंग रिकामं होतं. तो शेजारी बसला, त्याच्या पायाशी शिकवणाऱ्याचे वेगळे ब्रेक आणि क्लच. ती स्टेअरिंगमागे बसली आणि तिने ते बुडत्या माणसासारखं घट्ट धरलं. दिवसभर परक्या माणसांना हुकूम सोडणारी बाई, आणि एवढ्याशा गाडीत तिला गिअरला हात लावायची भीती वाटली. तो सांगत होता, आणि घरी न ऐकलेला असा त्याचा आवाज ती ऐकत होती. हळू, पण त्यात कुठेही अंदाजपंचे नव्हतं. डावा पाय पूर्ण दाब. आता गिअर. आता पाय हळूहळू सोड, गाडी स्वतः सांगेल तुला कधी थांबायचं ते.

गाडी बंद पडली. "हरकत नाही," तो म्हणाला, "पुन्हा." पुन्हा बंद पडली. हरकत नाही, पुन्हा. तिसऱ्यांदाही पडली, आणि त्याने तेच दोन शब्द तितक्याच ताज्या सुरात सांगितले, जसे काही पहिल्यांदाच सांगतोय. चौथ्यांदा गाडी हलली. पिवळ्या पट्ट्यांच्या कडेने चालायला लागली आणि बाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, जो आनंदाचा होता. गाडी चालू होती, हात गुंतलेले होते, नजर समोर ठेवायची होती. आत्ता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"पांढरीचा वास मला येत नाही," ती म्हणाली.

"आरशात बघ. आता डावीकडे घे."

तिने बघितलं, घेतलं. "अहो, ऐका ना. पहिला अर्धा तास येतो, मग मला तो येतच नाही. माझ्या नाकालाच कळत नाही तो. बाकी सगळ्यांना कळतो. चारांत सगळ्यांत जबर तोच आहे. काचा बंद, आणि मी रोज तुम्हाला आठ-आठ फवारे मारून पाठवत होते. माणसं त्याने कासावीस होत होती. सिस्टर मला स्वतः म्हणाल्या."

"ब्रेक. हळू. क्लच दाब," तो म्हणाला. गाडी थांबली. त्याने हात लांबवून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

ती बोलतच राहिली. पट्ट्या, लिपस्टिकवाली, प्रशिक्षकाचा फोन, खणात लपवलेला टेस्टर, संपली म्हणून सांगितलेली बाटली, सगळं. तो समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होता. तो चिडला तर काय म्हणायचं, हे तिने रात्रभर पाठ करून ठेवलं होतं.

"मला वाटायचं तुला तो आवडतो," तो म्हणाला. "एवढा मारतेस म्हणजे आवडत असणार. मला आधी आधी डोळ्यांतून पाणी यायचं. मग सवय झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"परफ्यूममधलं तुला मी काय सांगणार?"

पाठ केलेलं सगळं तिने सोडून दिलं. तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

सोमवारी तिने काउंटरवर काय केलं, ते इथेच सांगून टाकतो. पहिला माणूस आला, त्याने फरक विचारला, आणि बाईंनी नेहमीच्याच ठामपणे सांगितलं: तिघांचं मी सांगते, चौथ्याचा वास माझ्या नाकाला येत नाही, त्याचं या बाईंना विचारा. आणि लिपस्टिकवालीला हाक मारली. पांढरीवाली जुनी गिऱ्हाइकं एकेक करून येत गेली, तशी त्या प्रत्येकाला तिने सांगितलं, की आठ नाही, एक, चूक माझी होती. काही हसले, एकाने बायकोला फोन करून ऐकवलं. पांढरीचा खप अर्ध्यावर आला, आणि बाकीच्या तिघांबद्दल लोक तिचं पूर्वीपेक्षा जास्त ऐकायला लागले. पण हे सोमवारचं.

रविवारी त्या बंद गाडीत ती अजून रडत होती. नवऱ्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मग त्याने विचारलं, अगदी हळू, जणू उत्तर नाही आलं तरी चालेल:

"म्हणजे माझं शिकवणं बिघडलं नव्हतं?"

ती त्याच्याकडे वळली. हा माणूस थंडी पडल्यापासून एवढी एकच गोष्ट उराशी घेऊन फिरत होता. वासाचा त्याला राग नव्हता, फसवल्याचाही नव्हता.

"तीनदा बंद पाडली मी गाडी," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर दुसऱ्यांदाच शिकणारीला उतरवलं असतं. तुमचं शिकवणं कधीच बिघडलं नव्हतं. टेबल मागायला जायचं नाही उद्या."

त्याने मान हलवली. मग पाठीमागे टेकला, आणि आतून काहीतरी सैल झाल्यासारखा एक लांब श्वास सोडला. किल्ली फिरवली. चल, पहिला गिअर, म्हणाला.

तिने डोळे पुसले, क्लच दाबला, गिअर टाकला, पाय सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली.

"हरकत नाही," तो म्हणाला. "पुन्हा."